कुसाबाई खोक्यावर बसल्या

१

गायरानावरच्या खोलीचं कुलूप शाबूत, खिडकीची जाळी शाबूत, तांब्याच्या केबलचं भेंडोळं कोपऱ्यात जसंच्या तसं, आणि मधूनच एक खोकं गायब. असला नाजूक चोर पळसवाडीने आजवर पाहिला नव्हता.

पळसवाडी म्हणजे पिंपळगाव बसवंतजवळ हायवे सोडून आत वळलं की लागणारं द्राक्षांचं गाव. भांडून भांडून का होईना, गावाने गायरानावर सामाईक सोलरचा प्रकल्प उभा केला होता. ज्याचा वाटा त्याच्या घरी स्वस्त वीज, आणि द्राक्षांच्या शीतगृहाला दिवसाउजेडी हक्काची लाईट. प्लेटांची शेवटची रांग तेवढी बसवायची राहिली होती. ती उद्या, रथसप्तमीच्या सकाळी बसवायची आणि तिथंच, सगळ्या गावादेखत, प्रकल्प सांभाळायला कायमचं कुणाला ठेवायचं ते कंपनीच्या इंजिनिअर अंजलीबाईंनी ठरवायचं, असा बेत होता.

उमेदवार दोघंच उरले होते. एक हर्षाली, आयटीआय केलेली वायरमन. दुसरा सार्थक, डिप्लोमा झालेला, सौर संस्थेचे अध्यक्ष शेखरराव यांचा पुतण्या.

आणि गेलेल्या खोक्यात होते क्लॅम्प. ते नाहीत तर प्लेटा सांगाड्यावर बसत नाहीत. प्लेटा बसत नाहीत तर उद्याचा सगळा सोहळा मातीत.

"चाव्या दोन," शेखरराव खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "एक आपल्या राखणदाराकडे, पुंजारामकडे. तो म्हणतो, काल दिवसभर माणूस फिरकला नाही. दुसरी चावी हर्षालीकडे. आता मी काही बोलत नाही. पण कुलूप तर तुटलेलं नाही."

"मी काल दिवसभर नाशकात होते, ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवसाला," हर्षाली म्हणाली. "संध्याकाळी एसटीने उतरले ती थेट घरी."

"थेट म्हणजे गायरानावरूनच ना? रस्ता तोच आहे. आणि घरी तुझ्या नवऱ्याची, नवनाथची पिकअप उभी. माल हलवायला कितीसा वेळ लागतो?"

"शेखर!"

दारात कुसाबाई उभ्या होत्या. हर्षालीची सासू. साठी ओलांडलेली, दुसरीत असताना मास्तरांशी भांडून शाळा सोडलेली आणि तेव्हापासून एकही भांडण न हरलेली बाई. सून गावचा सूर्य सांभाळणार, असं त्यांनी पिंपळगावच्या बाजारापासून पंचवटीतल्या भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलेलं नसताना.

"माझ्या लेकाची पिकअप तुला दिसली. तांब्याची केबल नाय दिसली का?" कुसाबाई आत येत म्हणाल्या. "चोर एवढा शहाणा, की कुलूप न तोडता आत शिरला. आणि एवढा खुळा, की तांबं सोडून ॲल्युमिनमचे तुकडे घेऊन गेला? माझी सून खुळी नाय. खुळी असती तर तुमच्या संस्थेत अध्यक्ष झाली असती."

शेखररावांचा चेहरा पिकल्या टमाट्यासारखा झाला.

बसायला खुर्ची नव्हती. भिंतीलगत हिरव्या सुतळीने बांधलेलं एक खोकं होतं, त्यावर कुसाबाईंनी बैठक मारली. आतून खुळखुळ वाजलं.

"मावशी, ते खोकं बहुतेक आमच्या मालातलं नाहीये," अंजलीबाई म्हणाल्या. पोरगी वयाने लहान, पण बोलणं मोजकं. "आमच्या खोक्यांना चिकटपट्टी असते."

"काळूचा टेम्पो गावातली पार्सलं इथंच उतरवतो, असेल कुणाचं तरी," शेखरराव वैतागून म्हणाले. "गेलेल्या खोक्याचं बोला की. असलेल्याचं काय घेऊन बसलात?"

"घेऊन नाय बसले, त्याच्यावर बसले हाय," कुसाबाई म्हणाल्या. "बरं, ते क्लॅम दिसतं कसं?"

"क्लॅम्प, आत्या," हर्षालीने दोन बोटांनी चिमूट दाखवली. "प्लेटीला वरून दाबून धरतो. चिमट्यासारखं समजा."

कुसाबाईंच्या डोळ्यांपुढे दोरीवर कपडे वाळत घालायचा चिमटा उभा राहिला. आणि इथंच त्यांची अर्धी दुपार वाया गेली.

अंजलीबाईंनी हर्षालीकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या, "हे बघा, मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण उद्या सकाळपर्यंत खोकं सापडलं नाही, तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. आणि चावी जिच्याकडे होती तिचं नाव निवडीत ठेवता येणार नाही."

हर्षालीने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं.

"उद्या सकाळी म्हणजे दूध उतू जायच्या आत ना?" कुसाबाई उठल्या. खोकं पुन्हा खुळखुळलं. "लय वेळ हाय."

२

पुंजारामचं घर गायरानाला लागूनच. खाटेवर बसून तो तंबाखू मळत होता. कुसाबाईंना पाहून त्याने तंबाखू मुठीत लपवली, जशी काही त्यांना वासाने कळणार नव्हती.

"पुंजा, खरं सांग. काल गायरानावर कोण आलं होतं?"

"कुणी नाय, आत्याबाई."

"नीट आठव."

"काय आठवू? सकाळपासून तिथंच बसून होतो. एक माणूस फिरकला नाय. शेखरअण्णांनी तेच इचारलं, इंजिनेरबाईंनी तेच इचारलं. माणूस आला असता तर मी सांगितलं नसतं का?"

"आणि चावी?"

"हे काय, करगोट्याला. कुणा माणसाच्या हातात दिली असंल तर ह्या हाताला झडू द्या."

पुंजाराम आळशी होता, तंबाखूबाज होता, पण खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्याच्यात नव्हती. कुसाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांचा जीव टांगणीला लागला. पुंजाराम खरं बोलत असेल, तर चावी उरते एकच.

"या ना आत्याबाई, चहा टाकते," पुंजारामची बायको सुमनबाई आतून म्हणाली.

घर बोटभर, पण सारवून लखलखीत ठेवलेलं. देव्हाऱ्यात उदबत्ती जळत होती. ती खोचली होती एका चकचकीत, दोन कानांच्या, मधे खाच नि खाचेत भोक असलेल्या पट्टीत. कुसाबाईंची नजर भांड्याकुंड्यांवरून फिरली आणि दोरीवर थांबली. दोरीवर चिमटे होते. पण ते लाकडी, जुने, सुमनच्या लग्नातले असावेत इतके जुने.

"हात दुखू राह्यले बाई," सुमनबाई कपात चहा ओतत म्हणाली. "काल लुटून लुटून पार..."

आणि ती एकदम गप्प झाली. जीभ चावली. कपाखाली बशी नसताना बशी शोधू लागली.

तिची ती गडबड कुसाबाईंना नवी नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी हळदीकुंकू. सवाष्णी जमायच्या, एकमेकींना वाण द्यायच्या, वाण लुटायच्या. आणि नवरा गेलेल्या बाईसमोर त्याचा विषय निघाला, की जिभा अशाच चावल्या जायच्या. कुसाबाईंचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या कपाळाकडे हळद घेऊन कुणी आलं नव्हतं. त्या म्हणायच्या, मला काय करायचंय? गाळण्या नि साबणदाण्या घेऊन मी काय दुकान टाकणार हाय? हे त्या इतक्या मोठ्याने म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला कळायचं, कुठंतरी दुखतंय.

"लुटा, लुटा," त्या म्हणाल्या आणि चहा एका घोटात संपवला. "मी काय पोलीस हाय?"

३

शेखररावांच्या घरी जायला काहीतरी निमित्त हवं होतं. कुसाबाईंनी घरून वाटीभर विरजण घेतलं. त्यांच्या दह्यासारखं दही पंचक्रोशीत कुणाचं लागत नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि ते खरं होतं.

शेखररावांची बायको उज्वला ओसरीवर द्राक्षाचे घड निवडत होती. गोरीपान, हसरी, बचत गटाची अध्यक्ष. नवऱ्याची अध्यक्षगिरी तोंडाची, हिची कामाची.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? मीच आले असते की."

"तू कसली येतेस? तुझ्या मागे हळदीकुंकवाची धामधूम."

उज्वलाच्या हातातला घड तसाच राहिला. "हो ना. काल सगळ्या आल्या होत्या. तुमची हर्षाली तेवढी नव्हती, नाशकात होती म्हणे. तिचं वाण मी बाजूला..." मग तिला काय बोलावं ते सुचेना. "बसा ना मावशी. सार्थक, मावशींना खुर्ची दे!"

सार्थक आतल्या खोलीत टेबलाशी मान खाली घालून बसला होता. परीक्षेची तयारी चालली होती. मोबाईलवर कुणीतरी हिंदीतून प्लेटा कशा बसवायच्या ते सांगत होतं. मोबाईल उभा केला होता एका चकचकीत, दोन कानांच्या, मधे खाच असलेल्या पट्टीत.

"काय रे, चोरी कुणी केली असंल?" कुसाबाईंनी सरळ विचारलं.

"आजी, माझ्यावर संशय असेल तर घराची झडती घ्या," सार्थक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "खरं सांगू? खोकं गेलं कळलं तेव्हा मला बरंच वाटलं. चोरलं म्हणून नाही. उद्याची परीक्षा टळली म्हणून."

"म्हणजे?"

"मला हे काम नकोच आहे. विंचूरच्या वाईन पार्कात मशीनवर घेतायत मला. काका म्हणतात, घरचा प्रकल्प आहे, घरचाच माणूस पाहिजे. मी आजवर प्लेटेला हातसुद्धा लावलेला नाही."

कुसाबाईंनी त्याला निरखून पाहिलं. चोर असं बोलत नाही. चोर म्हणतो, मला काम पाहिजेच होतं, पण मी चोरी केली नाही.

मग चोर कोण? पुंजाराम नाही. सार्थक नाही. शेखरची जीभ लांब, पण उद्याच्या सोहळ्याला पुढारी बोलावून तोंडघशी पडण्याइतका तो येडा नाही. हळूहळू सगळी बोटं एकाच दाराकडे वळत होती, आणि ते दार कुसाबाईंचं होतं.

निघताना त्यांचं लक्ष पुन्हा त्या मोबाईलकडे गेलं. आपण हे आत्ताच कुठंतरी पाहिलं. कुठं बरं?

"छान हाय रे तुझी ही बैठक," त्या म्हणाल्या.

"काकूने दिली," सार्थक म्हणाला. "नवीन डिझाईन आहे."

४

फाट्यावर काळू टेम्पोच्या टपावरून द्राक्षांची रिकामी क्रेट खाली फेकत होता. नाशिक ते पळसवाडी रोजची त्याची फेरी. गावातल्या अर्ध्या संसाराचा माल त्याच्या टेम्पोतून आलेला.

"काळू, परवा गायरानाच्या खोलीत काय काय उतरवलंस?"

"तुम्ही पण? सकाळपासून तिसरी चौकशी." काळूने गमछाने तोंड पुसलं. "कंपनीची खोकी. आणि एक उज्वलावहिनींचं. नाशकातल्या होलसेलवाल्याकडून वाण मागवलं होतं ना त्यांनी. म्हटलं, आता गावात कशाला टेम्पो घालू? तिथंच ठेवलं. वहिनींना फोन केला, न्या म्हणून."

"मग नेलं?"

"न्हेलं असणारच. त्याशिवाय का काल हळदीकुंकू झालं?"

कुसाबाई टेम्पोच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. वाण त्या खोलीत होतं. काल सगळ्या बायांना वाण मिळालं. म्हणजे कुणीतरी खोलीत जाऊन ते आणलं. आणि पुंजाराम शपथेवर सांगतो की काल माणूस फिरकला नाही.

पुंजाराम तर खोटं बोलत नाही.

माणूस फिरकला नाही. माणसाच्या हातात चावी दिली नाही. माणूस आला असता तर सांगितलं असतं.

"अगं बाई," कुसाबाई पुटपुटल्या. "त्या मेल्याला इचारायचंच चुकलं."

आणि मग त्यांची नजर टेम्पोच्या आत गेली. स्टेअरिंगपुढे खंडेरायाची लहानशी मूर्ती उभी होती. धक्क्याने पडू नये म्हणून ती घट्ट बसवली होती एका चकचकीत, दोन कानांच्या, मधे खाच असलेल्या पट्टीत.

"काळू, हे कुठून आणलंस?"

"हे व्हय? मालकिणीला काल वाण मिळालं. मोबाईल ठेवायला म्हणे. मी म्हटलं, मोबाईल पडला तरी चालंल, देव पडाया नको. का हो? गावात सगळ्यांच्या घरी हाय. तुमच्या घरी नाय का मिळालं?"

कुसाबाईंच्या घरी नव्हतं मिळालं. सून नाशकात होती आणि सासूला बोलावणं नव्हतं. अख्ख्या पळसवाडीत एकच घर असं होतं, जिथं ती पट्टी पोचलीच नव्हती. आणि ती पाहताक्षणी ओळखेल अशी पोरगी नेमकी त्याच घरात बसून रडत होती.

कुसाबाई हसायला लागल्या. अशा हसल्या, की चहाच्या टपरीवरचे सगळे वळून पाहू लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

"काळू, देव घटकाभर हातात धर," त्या म्हणाल्या. "बैठक मी न्हेते. उद्या सकाळी परत मिळंल."

घरी हर्षाली भाकरी थापत होती. डोळे सुजलेले. नवनाथ तिच्याशेजारी नुसताच बसून होता, धीर द्यायला शब्द सापडत नसलेल्या नवऱ्यासारखा. कुसाबाईंनी ती पट्टी परातीशेजारी ठेवली.

"हे काय हाय, सांग."

हर्षालीच्या हातातली भाकरी अर्धीच राहिली. "आत्या! हाच तर क्लॅम्प! कुठं मिळाला?"

"चिमट्यासारखं म्हणे," कुसाबाई करवादल्या. "ह्याला चिमटा म्हणतात? दुपारभर मी लोकांच्या दोऱ्या धुंडाळू राह्यले."

"आत्ताच्या आत्ता अंजली मॅडमना फोन करते."

"हात लावू नको फोनला. तुझं नाव चारचौघांत खराब केलंय. ते चारचौघांतच धुवायचं. आधी भाकरी खा."

५

रथसप्तमीची सकाळ. द्राक्षबागांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. गायरानावर प्लेटांच्या रांगांपुढे बायांनी सूर्याचा रथ रांगोळीने काढला होता. गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं होतं. शेखररावांनी नवा फेटा बांधला होता, पण चेहऱ्यावर लग्नाची कळा नव्हती. अंजलीबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, वेळ झाली," त्या हळूच म्हणाल्या.

"दूध अजून उतू गेलं नाय." कुसाबाई खोलीत गेल्या आणि ते हिरव्या सुतळीचं खोकं स्वतः ओढत बाहेर घेऊन आल्या. गावादेखत त्यावर बसल्या. खुळखुळ वाजलं. "पुंजाराम, पुढं ये. परवा, हळदीकुंकवाच्या दिवशी, इथं माणूस आला होता का?"

"किती वेळा सांगू आत्याबाई? नाय!"

"बरं. बाया आल्या होत्या का?"

"त्या आल्या होत्या की," पुंजाराम म्हणाला. "उज्वलावहिनी आल्या, आमची सुमन आली. वाणाचं खोकं न्यायला. मीच चावी दिली, मीच डोक्यावर ठेवू लागलो."

सगळ्या माना उज्वलाकडे वळल्या.

"मग काल का नाही सांगितलंस?" शेखरराव ओरडले.

"तुम्ही इचारलं, माणूस आला होता का? बाया म्हणजे का माणूस?"

त्यावर बायांच्या घोळक्यातून जो आवाज उठला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. सुमनबाईने तर चप्पलच हातात घेतली.

"पण मावशी, मी माझंच खोकं नेलं!" उज्वला गोंधळून पुढे आली. "वाणाचं. मोबाईलचे स्टँड मागवले होते मी. फोडलं तर आत तेच होते, चकचकीत... जरा वेगळे होते, पण होलसेलवाला म्हणाला होता, नवीन डिझाईन पाठवतो..."

कुसाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि काळूची पट्टी उंच धरली. उगवत्या उन्हात ती झळकली.

"हेच का?"

"हो, हेच."

"इंजिनेरबाई, हे काय हाय?"

अंजलीबाईंच्या हातातला फोन खाली आला. "अहो... हा तर आपला क्लॅम्प!"

"सुमनच्या देव्हाऱ्यात ह्याच्यात उदबत्ती जळू राह्यली. काळूचा खंडेराया ह्याच्यावर स्वार होता. आणि सार्थक परवापासून ह्याच्यावर मोबाईल ठेवून, प्लेटा कशा बसवायच्या त्याचा अभ्यास करत होता." सार्थकने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदागदा हलत होते. तो हसत होता. "चोरी झालीच नाय. तुम्ही सगळ्या सांगत होत्या की, आम्ही लुटलं, आम्ही लुटलं. गावभर कबुली चालली होती, ऐकणारे तेवढे बहिरे. शेखर, तुझ्या घरात चोरीचा माल आणि तू शोधतोस माझ्या पोराची पिकअप!"

"पण मग माझं वाण कुठं गेलं?" उज्वला म्हणाली.

कुसाबाई उठल्या. हिरवी सुतळी हर्षालीकडून कापून घेतली. खोक्यातून गुलाबी प्लास्टिकचे मोबाईल स्टँड बाहेर डोकावले, एकेकावर मोर काढलेला.

"कालपासून ह्याच्यावर बसून तुमची अक्कल पाहू राह्यले होते," त्या म्हणाल्या. वास्तविक आदल्या दुपारपर्यंत त्यांनाही पत्ता नव्हता. पण ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

हशा उसळला. अंजलीबाईही हसल्या, मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "चला, पटकन सगळ्यांनी घरी जाऊन क्लॅम्प परत आणा. अजून वेळ आहे."

बाया जागच्या हलल्या नाहीत.

"परत?" सुमनबाई म्हणाली. "वाण परत देत नसतात, बाई. अवदसा येती घराला."

"एकदा लुटलं ते लुटलं," दुसरी म्हणाली.

"मी दिलेलं मी कसं मागू?" उज्वला रडकुंडीला आली. "वर्षभर बोलतील मला."

अंजलीबाईंनी कपाळाला हात लावला. हर्षालीने सासूकडे पाहिलं. खोकं सापडलं होतं, चोर नव्हताच, आणि तरीही शेवटची रांग जमिनीवर पडून होती.

कुसाबाई क्षणभर गप्प राहिल्या. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्या गप्प राहिल्या की काहीतरी होतं.

"परत कोण मागतंय?" त्या म्हणाल्या. "वाण मिळालं की पुढं द्यायचं असतं ना? मग द्या. आज दिवस कुणाचा? त्याचा." त्यांनी पूर्वेकडे हात केला. "आजवर सूर्याला दुधाचा थेंब नि रांगोळीच्या रेघा देत आलात. आज वाण द्या. जिचं वाण तिने आपल्या हाताने प्लेटीवर ठेवायचं. माझी सून आवळून देईल. बघू कुणाच्या घरी अवदसा येती."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सुमनबाई चप्पल खाली टाकून घराकडे पळत सुटली. तिच्या मागे सगळ्या. पळसवाडीच्या बाया अशा पळताना पाहून टेम्पोवाल्यांना वाटलं, कुठं आग लागली.

परत आल्या त्या पदराखाली क्लॅम्प घेऊन. कुणाच्या क्लॅम्पला उदबत्तीची राख, कुणाच्याला हळदीचं बोट, एकीच्याला पोराने निळी पेन्सिल फासलेली. एकेक जण पुढे यायची, दोन प्लेटांच्या मधे क्लॅम्प ठेवायची, आणि हर्षाली पान्याने बोल्ट आवळायची. घाई नाही, गडबड नाही. एका बाईने प्लेटीवर पाय ठेवायचा प्रयत्न केला, तर हर्षाली सासूच्या आवाजात ओरडली, "पाय खाली!" अंजलीबाई शेजारी उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या. एकदाच त्यांनी एक बोल्ट हलवून बघितला. हलला नाही.

सार्थक प्लेटा उचलून देत होता. "काका," तो जाता जाता म्हणाला, "मी विंचूरला हो म्हणून कळवलंय." शेखररावांनी फेटा सारखा केला.

शेवटचा क्लॅम्प काळूचा होता. त्याची बायको पोटुशी, उन्हात आली नव्हती. क्लॅम्प कुसाबाईंच्याच हातात होता.

कुसाबाई थबकल्या. "हे कुणी सवाष्णीने..."

"मावशी, ठेवा ना," उज्वला म्हणाली. ती मागून आली होती, हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि एक गुलाबी स्टँड घेऊन. मग तिने मनाचा हिय्या केला आणि कुसाबाईंच्या कपाळावर हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू. "तुम्ही काल बोलावणं नसताना आलात. तेही विरजण घेऊन. आता बोलावणं धाडते, तर यायचं. दर वर्षी."

कुसाबाईंनी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "मोर वाकडा काढलाय गं ह्याच्यावर." आणि त्यांनी तो स्टँड दोन्ही हातांत घट्ट धरला.

मग क्लॅम्प जाग्यावर गेला, हर्षालीने पाना फिरवला, अंजलीबाईंनी मान हलवली. खोलीतला मोठा स्विच दाबायला त्यांनी शेखररावांऐवजी हर्षालीला बोलावलं, आणि तिथंच सगळ्यांना कळलं, काम कुणाला मिळालं ते. स्विच खाली गेला, हिरवा दिवा लागला, आणि नेमकं त्याच वेळी गोवऱ्यांवरचं दूध उतू गेलं.

६

सोमवारी हर्षालीच्या कामाचा पहिला दिवस. कुसाबाई अंगणात बसल्या होत्या. समोर वाकड्या मोराच्या बैठकीवर मोबाईल उभा, आणि त्यात पंचवटीची भाजीवाली. तिला सगळी हकीकत तिसऱ्यांदा सांगणं चाललं होतं, आणि दर वेळी शेखररावांचा फेटा थोडा आणखी खाली येत होता.

हर्षालीने डबा घेतला, चावी घेतली, सासूच्या पाया पडली.

"पाया काय पडतेस? उशीर होईल. जा, सूर्य डोक्यावर आला."

ती गायरानाच्या वाटेला लागली. पुंजाराम खाटेवर बसला होता. तिला लांबून येताना पाहून तो ताडकन उठला, तंबाखू टाकली, टोपी सरळ केली. घराच्या दारात सुमनबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती.

पुंजारामने गावाकडे तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली.

"माणूस आला होऽऽ!"

आरोळी कुसाबाईंच्या अंगणापर्यंत पोचली.

"कोण आलं गं?" मोबाईलमधून भाजीवालीने विचारलं.

"माझी सून," कुसाबाई म्हणाल्या.